इनडिझाइन : चौकट वाढते, पण आतील चित्र तेवढेच राहते

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे) :
इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाळी अंकाची पाने लावताना काळ्या बाणाने छायाचित्राची चौकट निवडून कोपरा ओढला, की केवळ चौकट मोठी होते. शिवाय मजकुराखाली दडलेली चौकट निवडता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
इनडिझाइनमध्ये चौकट आणि तिच्यातील चित्र या स्वतंत्र वस्तू मानल्या जातात. काळा बाण चौकट निवडतो, तर पांढरा बाण आतील चित्र. दोन्ही एकत्र आणि मूळ प्रमाण राखून वाढवायची असतील, तर कंट्रोल व शिफ्ट दाबून कोपरा ओढावा. मात्र अंक छापला जाणार आहे, हे विसरू नये : ३०० पीपीआयचे (दर इंचाला ३०० पिक्सेल) चित्र दुप्पट मोठे केले की त्याचे प्रत्यक्ष रिझोल्यूशन १५० उरते आणि छपाईत ते कमी स्पष्ट दिसते. हा आकडा लिंक्स पॅनेलमध्ये पाहता येतो.

उत्तर २ :
खालच्या चौकटीसाठी कंट्रोल दाबून क्लिक करावे. निवड एकेक वस्तू खाली सरकते. चौकट फिरवायची असल्यास वरच्या पट्टीतील नऊ ठिपक्यांपैकी संदर्भबिंदू आधी ठरवावा, कारण कोन टाकल्यावर वस्तू त्याच बिंदूभोवती फिरते.

प्रश्नकर्ता :
दोन्ही उपाय लागू पडले. मनापासून आभार.