स्पॅनिश भूतकाळ : ‘आब्ले’ की ‘आब्लाबा’?

प्रश्न (दादर) : संध्याकाळच्या वर्गात ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, या क्रियापदाची ‘आब्ले’ आणि ‘आब्लाबा’ अशी दोन भूतकाळी रूपे शिकवली, कोणते केव्हा वापरावे?

उत्तर (ठाणे) : एकदा घडून संपलेल्या क्रियेसाठी ‘आब्ले’ (मी बोललो), तर जेथे आपण ‘बोलत असे’ किंवा ‘बोलत होतो’ म्हणतो तेथे ‘आब्लाबा’. रीतिभूतकाळ आपल्याकडेही असल्याने हे जड जाऊ नये.

उत्तर (गिरगाव) : आघात, म्हणजे उच्चारातील जोर, हाही पाहावा. ‘आब्लो’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असेल तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘तो बोलला’.

उत्तर (बोरिवली) : माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. आपण ‘तिने ग्रंथ वाचला, पोथी वाचली’ असे कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘लेयो’च, कारण तेथे क्रियापद कर्त्यानुसारच चालते.