गडगा आणि बेडं : वयात आलेल्या मुलांचे आईबाप स्वतःसाठी मर्यादा कशा घालतात?

मुलांना शिस्त कशी लावायची यावर भरपूर लिहून झालंय. इथे विषय उलटा आहे. तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांसोबत राहताना आईबापांनी स्वतःची झोप, वेळ, पैसा, गाडी आणि डोकं कसं राखायचं? घराला गडगा म्हणजे दगडी कुंपण असतं आणि आतबाहेर करायला त्यात बेडं म्हणजे वाटही असते, तसंच काहीसं. घरची रामायणं नकोत. कोकणातल्या वाचकांनो, नेमकं वाक्य काय, वेळ काय, कुठे फसतं, तेवढं आपल्या गावाचं नाव वर घालून लिहा.

चिपळूण, शाळेत समुपदेशन

आधी एक गल्लत काढूया. "माझ्याशी ओरडून बोलायचं नाही" हा हुकूम झाला. तो पाळणं न पाळणं मुलाच्या हातात. "आवाज चढला की मी ओटीवर जाऊन बसणार, वीस मिनिटांनी परत बोलू" ही मर्यादा, कारण ती पाळणं आपल्या हातात आहे. वाक्यात तीन गोष्टी हव्यात : कधी, मी काय करीन, आणि परत कधी भेटू. तिसरी नेमकी गळते. मग मुलाला तो अबोला वाटतो, आणि अबोला ही शिक्षा आहे. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. घड्याळ बघून उठायचं आणि आपणहून परत जायचं, मूल माफी मागायला येईल म्हणून बसून राहायचं नाही.

दुसरं : पहिल्या काही दिवसांत वागणं सुधारण्याऐवजी बिघडूही शकतं. आधी चालणारा उपाय चालेना की माणूस तोच उपाय जास्त जोरात करून बघतो. टीव्ही लागला नाही की आपण रिमोट आपटतो ना, तसं. नवव्या दिवशी वैतागून "घे बाबा एकदाचं" म्हटलंत, तर नऊ दिवस लावून धरलं की मिळतं हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून एका वेळी एकच मर्यादा घ्या, आणि तीही थकलेल्या संध्याकाळी तुम्हाला झेपेल अशी.

मालवण, होमस्टे

ऑक्टोबर ते मे घर आपलं नसतंच. त्यात दहावी-बारावीची परीक्षा आणि सीझन एकत्र येतात. सकाळी साडेसात ते साडेनऊ घावणे, आंबोळ्या आणि चहा चालू असतो. त्या दोन तासांत "माझा मोजा कुठाय", "फॉर्मवर सही कर" हे बंद. सही, डबा, पैसे, चार्जर सगळं आदल्या रात्री नऊपर्यंत मागायचं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक पाटी आणि खडू टांगा, लिहिलेलं होईल, तोंडी सांगितलेलं राहील. पहिल्या आठवड्यात एकदा तरी सहीशिवाय फॉर्म शाळेत जाणार. जाऊ द्या. धावत जाऊन सही देऊन आलात की पाटी पुसली समजा.

दुपारी दोन ते चार आईची खोली बंद. दार वाजवायचं ते चारच कारणांनी : रक्त, गॅसचा वास, आजी पडली, पाहुणे ठरल्या वेळेआधी दारात. शेवटचं कारण पोरांनीच घालून घेतलेलं असतं, ते चालवून घ्यावं.

मुलं सीझनमध्ये ताटं वाढतात, गादीचे अभ्रे बदलतात. ते "घरचंच काम" म्हणून गिळू नका. तास ठरवा, पैसे द्या. त्यांची वेळ फुकट आणि आमची मोलाची, असं त्यांना दिसलं तर आमच्या दुपारच्या दोन तासांना ती कशाला विचारतील?

गुहागर

कोकणातला खरा घोळ मुलांचा नाही, मुंबईच्या फोनचा आहे. आई गावात, बाबा नोकरीला. आईने नाही म्हटलं की पाच मिनिटांत तिकडे फोन. बाबांना दोन महिने पोरांचं तोंड दिसलेलं नसतं, ते हो म्हणतात. उपाय अगदी कोरडा आहे. फोनवर कुठलीही परवानगी मागितली की बाबांचं उत्तर एकच : "आईला विचारलंस? ती काय म्हणाली?" आणि निर्णय तासाभराने, आईशी बोलून. आठवड्यातून एकदा नवराबायकोचा वेगळा फोन, मुलांच्या कानाआड.

गणपतीत तर सगळंच सैल होतं. वर्षभराचं अपराधीपण नवा मोबाइल होऊन बॅगेतून उतरतं. काय आणायचं आणि कितीचं, हे गाडीत बसण्याआधी ठरलेलं हवं. आणि सगळे चाकरमानी आरतीला जमलेले असताना नवी मर्यादा जाहीर करू नका. काका "राहू दे गो, लहान आहे तो" म्हणणार, आणि तुम्हाला भावकीसमोर माघार घ्यावी लागणार.

रत्नागिरी

गाडीबद्दल. १६ वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. आपल्या दारातली स्कूटर १००-१२५ सीसीची, म्हणजे १८. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. म्हणून "माझ्या नावावरच्या गाडीची चावी माझ्या खिशात" ही मर्यादा वाद घालण्याची नाहीच.

ती मोडतं कोण? आपणच. "जरा जेटीवरून बांगडे घेऊन ये रे" म्हणून रविवारी आपणच चावी देतो. त्या दिवसापासून चावीचा नियम संपला. मग उरतं फक्त "मासळीला चालते, मित्राकडे का नाही?" आणि याला उत्तर नाही.

ड्रायव्हरकीलाही माप हवं. आठवड्याला दोन फेऱ्या, आदल्या रात्री आठच्या आत सांगितलेल्या. बाकी एसटी.

हर्णै

पैशाचं थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात आवक नाही. हातखर्चाचा पावसाळी आकडा मेमध्येच सांगावा, जूनमध्ये सांगितला की तो राग वाटतो. यूपीआयचा पिन मुलांना देऊ नये. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं बचत खातं उघडून द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिलेली आहे, मर्यादा बँक ठरवते. त्यात महिन्याचे टाका आणि विसरा. आजीच्या कनवटीची नोट मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. ती बसवायला जाऊ नका.

सावंतवाडी

पुस्तकी बोलू नका एवढंच सांगते. "मला माझा अवकाश हवा आहे" म्हटलं की पोरं फिदीफिदी हसतात. "माका आता अर्धो तास गप बसाक व्हया" म्हटलं की कळतं.

चिपळूण, शाळेत समुपदेशन

रात्रीचं राहिलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्यामुळे साडेअकराला त्यांना गप्पा सुचतात आणि पहाटे उठणाऱ्या आईचे डोळे मिटत असतात. "साडेदहानंतर मी ऐकेन, पण कशालाच हो-नाही म्हणणार नाही" एवढं पुरतं. अपवाद एकच. मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं, हातावर जखमा दिसल्या, तर त्या रात्री कुठलीच मर्यादा नाही. शेजारी बसा, एकटं सोडू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.

दार वाजवणं दोन्ही बाजूंनी. जुन्या घरात माजघराला दारच नसतं, तिथे पडदा लावा आणि बाहेरून हाक मारून थांबा.

रत्नागिरी

ओटी नसेल तर? फ्लॅटमध्ये वीस मिनिटं जायचं कुठे?

चिपळूण, शाळेत समुपदेशन

बाथरूममध्ये नको, दार लावून घेतल्यासारखं दिसतं. गॅलरी, गच्ची, जिन्याची पायरी चालेल. पावसाळ्यात कधी न वाळणारे कपडे दोरीवर असतातच, ते उलटेपालटे करा. हाताला काम मिळालं की आवाज खाली येतो. फक्त पायात चपला घालू नका. मुलाला वाटतं, घर सोडून चालली.