जिम रीव्हजचे मरणोत्तर रेकॉर्ड

अमेरिकी कंट्री गायक जिम रीव्हज गेल्यावर निघालेले त्याचे रेकॉर्ड 'खरे' मानू नयेत, असं कोणीतरी लिहिलंय. मला ते पटत नाही. ३१ जुलै १९६४ ला स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ वादळी पावसात कोसळून तो गेला, जेमतेम चाळिशीत. पण मागे बरंच ध्वनिमुद्रण शिल्लक होतं आणि पत्नी मेरीने ते जपून, निवडून बाहेर आणलं. 'डिस्टंट ड्रम्स' हे मुळात नमुन्यादाखल गायलेलं गाणं. त्यावर नंतर वाद्यवृंद चढवला आणि १९६६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वाद्यं नंतरची असली तरी गळा त्याचाच आहे ना!

हां, १९८१ मध्ये गायिका पॅट्सी क्लाइनचा आणि त्याचा आवाज जोडून केलेलं युगुलगीत मात्र मलाही खटकतं. दोघंही तेव्हा हयात नव्हते.

त्याची खरी कमाई म्हणजे तो हळू आवाज. सुरुवातीला तोही खणखणीत, वरच्या पट्टीत गायचा. १९५७ च्या 'फोर वॉल्स' या गाण्याला त्याने पट्टी उतरवली आणि ओठ जवळजवळ मायक्रोफोनला टेकवून गायला. हीच जवळीक 'वी थँक दी' या १९६२ च्या भक्तिगीतांच्या अल्बममध्ये आहे. तिथे उपदेशाचा सूर नाही, शेजारी बसून कोणी प्रार्थना पुटपुटावी तसं वाटतं. रात्री हेडफोन लावून ऐका, शब्द संपताना सोडलेला श्वाससुद्धा कानाशी येतो.