मदत हवी आहे: पतसंस्थेचा सर्व्हर बसला, बॅकअपची एकच डिस्क हातात आहे

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका लहान पतसंस्थेत मी काम करते. हुद्दा कारकुनाचा, पण कॉम्प्युटरचं काहीही असलं की ते माझ्याच टेबलावर येतं. मंगळवारी रात्री विजांचा पाऊस झाला. लाईट गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, तिने दम सोडला. बुधवारी सकाळी बघते तर सर्व्हरच्या चारपैकी दोन डिस्कवर तांबडा दिवा. रेड-५ आहे, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच साठा. विंडोज चढतच नाही.

बॅकअप आहे. दोन वर्षांपूर्वी मीच वीम एजंट या बॅकअपच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती बसवली होती. रोज रात्री साडेनऊला अख्ख्या सर्व्हरचा बॅकअप यूएसबी डिस्कवर जातो. ती डिस्क लॅपटॉपला लावून फक्त फाइलींची नावं वाचली आणि काढून ठेवली. एक मोठी व्हीबीके फाइल, तिच्यामागे रोजची एकेक व्हीआयबी आणि एक बारकी व्हीबीएम आहे. सोमवारची व्हीआयबी नेहमीएवढी दिसते. मंगळवारची अगदीच लहान आहे, म्हणजे बॅकअप चालू असतानाच लाईट गेली असणार.

सर्व्हिसवाला म्हणतो, दोन नव्या डिस्क घालून रीबिल्ड मारू, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून डेटा परत तयार करू, नाही जमलं तर फॉरमॅट करून पहिल्यापासून बसवू. बॅकअपची डिस्कही मागत होता. मी दिली नाही. चेअरमन साहेब माझ्यावर चिडले, ग्राहक दारात उभे आहेत म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर आहे. पण ही एकच प्रत आहे. आमच्याकडे पिग्मी भरतात त्या नंदगडच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका, काजूचा हंगाम संपला की रोजंदारीवर जाणारी माणसं. रोजचे वीस, पन्नास रुपये. त्यांच्या हातात पासबुक आहे, पण खातं सर्व्हरमध्ये आहे. रात्री झोप लागली नाही मला.

अर्धवट मंगळवारमुळे सोमवारचा बॅकअपही बाद होतो का? बेळगावहून दुसरा सर्व्हर मिळतोय, पण त्याच्या डिस्क जुन्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. त्यावर सगळं उतरेल का? आणि मंगळवारचा दिवस गेला तो गेलाच का? विंडोज सर्व्हर २०१६ आहे, डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या डेटाबेसमध्ये. उद्या संध्याकाळपर्यंत काही तरी ठरवायला हवं. कृपया मदत करा.

निपाणीकर

ताई, डिस्क दिली नाहीत ते फार बरं केलंत. आधी जुन्या सर्व्हरबद्दल बोलतो. रेड-५ एक डिस्क गेली तर सांभाळून घेतं, दोन गेल्या की नाही. तिथे रीबिल्ड मारणं म्हणजे उरलेल्यावर पाणी सोडणं. विजेच्या झटक्याने डिस्क कधी कधी नुसत्या बाहेर पडलेल्या असतात, मेलेल्या नसतात. बॅकअप दगा देईल त्या दिवशी त्या चार डिस्क उपयोगी पडतील. म्हणून सर्व्हर बंद करा, डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर स्केचपेनने खणाचा नंबर घाला आणि कपाटात ठेवा. कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, काही विचारत असेल तर हो म्हणू नका.

दुसरं काम, बॅकअपची नक्कल. नवी यूएसबी डिस्क आणा आणि अख्खा फोल्डर तिच्यावर कॉपी करा. पुढचं सगळं त्या नकलेवरच. मूळ डिस्क तिजोरीत.

साखळीचं असं आहे की व्हीबीके म्हणजे पूर्ण बॅकअप आणि प्रत्येक व्हीआयबीत फक्त आदल्या दिवसापासून बदललेला भाग. मधली कडी तुटली तर पुढचे दिवस जातात, मागचे जात नाहीत. तुमची शेवटची कडी तुटली आहे, तेव्हा सोमवार शाबूत असायला हवा. मुदत संपलेली जुनी कडी व्हीबीकेत मिसळण्याचं काम रोजचा बॅकअप पुरा झाल्यावर होतं. मंगळवारचा पुराच झाला नाही, म्हणजे गाडी तिथवर गेलीच नसणार.

एक विचारायचं राहिलं, बॅकअपला पासवर्ड घातला होता का?

जांबोटीकर

खूप धन्यवाद दादा. सर्व्हर बंद केला, नंबर घातले. नक्कल चालू आहे, पावणेतीनशे जीबी आहे. पासवर्ड नव्हता घातला.

निपाणीकर

आज ते सोयीचं झालं. पासवर्ड असता आणि सापडला नसता तर पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. पण याचा अर्थ ती डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला सगळी खाती उघडता येतात. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

वडगावकर

मी बेळगावात हीच कामं करतो. अख्खा सर्व्हर जसाच्या तसा नव्या मशीनवर उतरवायच्या मागे लागू नका. लहान डिस्क, वेगळा रेड कंट्रोलर. रिकव्हरी मीडियाने, म्हणजे वीमच्या बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हने, सर्व्हर चालू केलात की डिस्कच दिसणार नाहीत, मग कंट्रोलरचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून भरा, मग पार्टिशन जुळवा. होतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने घाईत करू नये. तुम्हाला विंडोज नकोय, खतावणी हवीय.

तुमचं सॉफ्टवेअर दिवसअखेर करताना स्वतःचा बॅकअप घेतं का? बहुतेक घेतात.

जांबोटीकर

घेतं की. सहा वाजता दिवसअखेर केली की डी ड्राइव्हवर बॅक फाइल, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअपची फाइल, पडते. पण तो ड्राइव्ह सर्व्हरबरोबरच गेला ना.

वडगावकर

गेला नाही ताई! सोमवारी सहाला पडलेली फाइल साडेनऊच्या वीमच्या बॅकअपमध्ये आहे. लॅपटॉपवर वीम एजंट बसवा, फाइल लेव्हल रिस्टोअर निवडा, नकलेवरची व्हीबीएम दाखवा, सोमवारची तारीख घ्या. जुन्या सर्व्हरचे ड्राइव्ह फोल्डरसारखे उघडतील. डी ड्राइव्हवरून ती बॅक फाइल बाहेर काढा. सॉफ्टवेअरचा फोल्डरही काढा आणि विंडोजचा फॉन्ट फोल्डरही. फॉन्टचं पुढे कळेल.

नव्या सर्व्हरवर एसक्यूएल तीच किंवा वरची आवृत्ती बसवा. वरच्या आवृत्तीतला बॅकअप खालच्यात चढत नाही. सर्व्हरचं कोलेशन, म्हणजे अक्षरं ओळखण्या-लावण्याची सेटिंग, जुनं होतं तेच ठेवा. आधी रिस्टोअर व्हेरिफायओन्ली चालवून फाइल वाचता येते का बघा, मग रिस्टोअर, मग डेटाबेस तपासायची आज्ञा, डीबीसीसी चेकडीबी. त्यात चूक दाखवली तर तिथेच थांबा आणि इथे लिहा.

सॉफ्टवेअर उघडताना लॉगिन चुकलं म्हणेल. घाबरू नका. लॉगिन एसक्यूएलच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतात, ते या फाइलबरोबर येत नाहीत. नवं लॉगिन करून जुन्या युजरला जोडावं लागतं. सर्व्हरचं नाव आणि आयपी जुनंच ठेवलंत तर काउंटरच्या मशीनना हात लावावा लागणार नाही.

जांबोटीकर

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा. अजून ऑफिसातच आहे. फाइल निघाली, व्हेरिफाय झाली, रिस्टोअर झाली, चेकडीबीत एकही चूक नाही. लॉगिनचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, जोडून घेतलं. पण खातेदारांची यादी उघडली आणि माझे हातपाय गार पडले. एकही नाव वाचता येईना, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मग फॉन्टचं आठवलं. आमची नावं श्रीलिपीत भरलेली आहेत, युनिकोडच्या आधीपासूनची. जुन्या फोल्डरमधला फॉन्ट बसवला आणि एकेक नाव उठून उभं राहिलं. खरं सांगते, रडू आलं. आमचे शिपाईमामा सोबतीला थांबले होते, तेही खुर्ची ओढून बघत बसले.

आता मंगळवार राहिला. त्याचं कसं करू?

चंदगडकर

मी पलीकडच्या तालुक्यात हिशेब तपासनीस म्हणून काम करतो, कॉम्प्युटरचं मला कमी कळतं. पण मंगळवार गेलेला नाही, कागदावर आहे. संध्याकाळी रोजकीर्द छापली असेल ना? तिच्यावर अखेरची रोख शिल्लक आहे. आधी सोमवारची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, नव्या सर्व्हरवरून काढा आणि फाइलला लावलेल्या सोमवारच्या तेरजेशी ओळीओळीने पडताळा. ती जुळल्याशिवाय एकही नोंद घालू नका. मग मंगळवारची व्हाउचरं नंबरवार लावून भरा, तारीख मंगळवारचीच. बुधवारपासून हाताने दिलेल्या पावत्या त्यानंतर.

पिग्मी एजंटांच्या मशीनमधली मंगळवारची वसुली अजून उतरवली नसेल तर ती कोणाला साफ करू देऊ नका. आणि मंगळवारी सकाळी जी सोमवारची वसुली चढवली होती, ती सोमवार संध्याकाळच्या बॅकअपमध्ये नसणार. नेमकी तीच विसरली जाते.

जांबोटीकर

काका, अगदी तीच विसरले होते मी. सोमवारची तेरीज पैशासकट जुळली. मंगळवारी मात्र रोजकीर्दीशी फरक येत होता, तासभर व्हाउचरं उलटीपालटी केली. तुमचा निरोप परत वाचला आणि एजंटांकडून सोमवारच्या वसुलीच्या छापील याद्या मागवल्या. त्या भरल्या आणि शिल्लक बसली. मंगळवारची वसुली मशीनमध्येच होती, ती सरळ उतरली.

सोमवारी काउंटर उघडतोय. चेअरमन साहेबांनी यूपीएसच्या बॅटऱ्या आणि आणखी दोन यूएसबी डिस्क मंजूर केल्या. एक इथे, एक दर शनिवारी नंदगडच्या शाखेत पाठवायची असं ठरवते आहे. या वेळी पासवर्ड घालणार. तो कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवला तर चालेल ना? आणि निबंधकांच्या कार्यालयाला पाठवलेली कन्नड पत्रं उघडत नाहीत, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली आहेत.

वडगावकर

पाकीट चालेल, पण डिस्क नंदगडला तर पाकीट खानापुरात. दोन्ही एकाच तिजोरीत नकोत. नुडीचेही फॉन्टच आहेत, त्याच फोल्डरमध्ये बघा. आणि पहिली डिस्क परत आली की तिच्यातून एक फाइल काढून उघडून बघा. दर महिन्याला, तारीख ठरवून.

जांबोटीकर

सापडले. पत्रं उघडली. पाच तारीख ठरवली आहे.