मदत हवी आहे : राजांच्या थडग्यांचं चर्च रविवारी उघडं असतं का?

पायवाट :
परवा रविवारी संध्याकाळी परतीचं विमान आहे. बाबांना राजांची थडगी असलेलं ते गॉथिक चर्च बघायचंच आहे. आयुष्यभर इतिहास शिकवलाय त्यांनी. सकाळी नऊला आत सोडतात का? लवकर सांगा प्लीज.

जुना प्रवासी :
रविवारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं. शनिवारीच उरका.

पायवाट :
अहो, लंडन नाही, पॅरिस! सँ-दनी. लिहायचं राहिलं.

कोकणकडा :
मग कशाला जाता? थडगी रिकामी आहेत. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी उकरून हाडं खड्ड्यांत टाकली. त्यापेक्षा नेपोलियनची कबर बघा.

दगडफूल :
कोकणकडा, अर्धीच गोष्ट सांगताय. 1817 मध्ये अठराव्या लुईने ती हाडं काढून तिथल्याच तळघरात एकत्र ठेवली. कोणतं कुणाचं ते ओळखता येत नव्हतं. आणि वरच्या सत्तरहून जास्त पहुडलेल्या मूर्ती? बाराव्या लुईचं थडगं बघा. वर राजा-राणी गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, खाली त्यांचीच उघडी प्रेतं, पोटावरच्या टाक्यांसकट कोरलेली. मी तिथून हललेच नव्हते. शिवाय सुजेर मठाधिपतींनी 1144 मध्ये पुरा केलेला तो मागचा भाग, गॉथिक शैली सुरू झाली ती तिथूनच!

मांडवीकाठ :
एवढ्या लांब कशाला, गोव्यात बॉम जेझूस चर्च आहे की.

दगडफूल :
ते बरोक शैलीतलं आहे, गॉथिक नाही, आणि तिथे राजा नाही, संत आहेत. धागा भरकटवू नका.

सहप्रवासी :
पायवाट, रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. थडग्यांचा भाग बारानंतर उघडतो, त्याला तिकीट आहे. मेट्रो 13, स्टेशन चर्चच्याच नावाचं. विमान किती वाजता, कुठून? बाबांना पायऱ्या जमतात का?

पायवाट :
साडेआठ, शार्ल द गोल. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या नकोत.

सहप्रवासी :
हे आधी सांगायचं ना! मग तळघर सोडा. बाराव्या लुईचं आणि पहिल्या फ्रान्स्वाचं थडगं वरच आहे. बाराला दारात उभे राहा, तीनला निघा. विमानतळही त्याच बाजूला, शहराच्या उत्तरेला.

कोकणकडा :
तरी सांगतो, नेपोलियन.

पायवाट :
बाबांना टाक्यांचं वाचून दाखवलं. म्हणाले, तेच आधी बघू. बॅगा कुठे ठेवायच्या, कुणी सांगेल का?