व्हीपी शंट परत परत ब्लॉक होतोय, टाळायला काही करता येतं का?

चिऊची_आई
नमस्कार. मुलगी 11 महिन्यांची आहे, वेळेआधी जन्मली, तेव्हा मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यातून हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साठणं). व्हीपी शंट (ते पाणी पोटात उतरवणारी नळी) बसवला, तो ब्लॉक झाला म्हणून रिव्हिजन (दुरुस्तीचं ऑपरेशन) केली, आता परत टाळू फुगलेली दिसली आणि उलट्या, म्हणून धावत गेलो तर परत ब्लॉक, आत्ताच दुसरी रिव्हिजन झालीय. असं का होतं ते कुणी नीट बसून सांगत नाही. नातेवाईक म्हणतात महागातला प्रोग्रामेबल व्हॉल्व (नळीतून किती पाणी जायचं ते ठरवणारी झडप) घेतला असता तर ही वेळच आली नसती, ऐकून जीव नुसता कुरतडतो. खरंच तसं आहे का? आणि एकांनी सांगितलंय की व्हॉल्व रोज बोटाने दाबत राहायचा म्हणजे नळी साफ राहते. करू का?

न्यूरो_रेसिडेंट
ताई, आधी व्हॉल्व दाबायचं, ते अजिबात करू नका. दाबून सोडला की तो परत फुगताना मेंदूतल्या नळीत ओढ तयार होते आणि त्या ओढीने आतला टिश्यू नळीच्या छिद्रांत खेचला जाऊ शकतो, म्हणजे जे टाळायचं तेच आपण ओढवून घेतो.

आता ब्लॉक का होतो. सगळ्यात जास्त वेळा अडतं ते मेंदूकडच्या टोकाला. त्या नळीला बारीक छिद्रं असतात, त्यात कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं ती झालर) शिरतं, नाहीतर आसपासच्या पेशी चिकटून वाढतात, रक्तस्राव झालेल्या बाळांमध्ये रक्ताचे कण आणि वाढलेलं प्रोटीन असतं ते वेगळंच. शिवाय बहुतेक पाणी टोकापासून लांबच्या, म्हणजे व्हॉल्वकडच्या दोन-चार छिद्रांतूनच आत जातं, त्यामुळे तीच आधी बुजतात. दुसरं कारण ओव्हरड्रेनेज. पाणी जास्त निघालं की वेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) आकसतात, भिंत नळीला येऊन टेकते आणि छिद्रं झाकली जातात.

व्हॉल्वचं म्हणाल तर 1998 मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये 344 मुलांवर तीन वेगवेगळ्या डिझाइनचे व्हॉल्व तपासले होते. शंट टिकण्यात काही फरक निघाला नाही, तिन्ही धरून वर्षभरात साधारण 40 टक्के फेल. प्रोग्रामेबलचा फायदा असा की ऑपरेशन न करता बाहेरून मॅग्नेटने प्रेशर बदलता येतं, ओव्हरड्रेनेज असेल तर ते कामाला येतं. पण टिश्यू छिद्रात शिरायचं ते याने थांबत नाही. तेव्हा नातेवाइकांचं मनाला लावून घेऊ नका.

सर्जनच्या हातात काय असतं, तर नळीचं टोक मोकळ्या पाण्यात, प्लेक्ससपासून आणि भिंतीपासून लांब ठेवणं. आणि इन्फेक्शन टाळणं. 2019 मध्ये बेसिक्स नावाची मोठी ट्रायल आली, तिच्यात साध्या आणि चांदीवाल्या नळीत इन्फेक्शन साधारण 6 टक्के होतं, अँटिबायोटिकवाल्या नळीत 2 टक्के. कुठली नळी बसवलीय ते विचारून ठेवा.

शंटवाला_बाबा
माझ्या मुलालाही शंट आहे. ताई, 1956 मध्ये जॉन होल्टर नावाच्या बापाने स्वतःच्या मुलासाठी शंटचा व्हॉल्व बनवला, तेव्हापासून सगळे या ब्लॉकेजशी झगडतायत, तुम्ही एक व्हॉल्व निवडून तो थांबवू शकला असतात असं नाहीये हो. आपल्या हातात आहे ते म्हणजे बद्धकोष्ठता होऊ न देणं, कारण पोटातलं प्रेशर वाढलं की खालच्या टोकाला पाणी उतरायला अडतं, आमच्याकडे पोट साफ झाल्यावर डोकेदुखी गेलेली मी बघितलीय. पण उलट्या आणि झोपाळूपणा असेल तर पोटाची वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि बाळ चांगलं असतानाचा एक स्कॅन स्वतःजवळ ठेवा, रात्री अनोळखी डॉक्टरसमोर तोच कामाला येतो.

जुनी_पेशंट
वरच्या स्कॅनच्या मुद्द्याला जोडून. मला लहानपणापासून शंट आहे. माझे वेंट्रिकल ब्लॉक झाला तरी फुगत नाहीत, त्यामुळे एकदा स्कॅन नॉर्मल म्हणून घरी पाठवलं होतं आणि शंट बंद निघाला. काही जणांच्यात असं होतं. तेव्हा आईने "ही नेहमीसारखी नाहीये" हेच धरून ठेवलं म्हणून निभावलं. तुम्ही तिला रोज बघता, तुमचं म्हणणं डॉक्टरांपुढे ठामपणे मांडा.

चिऊची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप हलकं वाटलं. रेसिडेंट सर, दुर्बिणीने आत छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देतात ते ईटीव्ही हिला होईल का, म्हणजे नळीच नको?

न्यूरो_रेसिडेंट
विचारण्यासारखं नक्की आहे. वय, कारण आणि आधी शंट झालाय का यावरून एक स्कोअर काढतात, तो म्हणजे साधारण सहा महिने ईटीव्ही टिकण्याची शक्यता. 6 ते 12 महिन्यांच्या वयाचे 30, रक्तस्रावाचे 20, आधी शंट झालाय म्हणून 0, एकूण 50. वर्षाची झाली की वयाचे 40 होतात, म्हणजे 60. पण आकड्याआधी एमआरआयमध्ये पाण्याचा रस्ता कुठे अडलाय आणि तिसऱ्या वेंट्रिकलचा तळ (छिद्र तिथेच पाडतात) कसा आहे ते बघावं लागतं. शंट नीट चालू असताना वेंट्रिकल लहान असतात, त्यात दुर्बीण घालणं अवघड जातं, म्हणून बरेच सर्जन पुढच्या ब्लॉकच्या वेळी हा पर्याय विचारात घेतात. फॉलोअपला जाल तेव्हाच बोलून ठेवा, इमर्जन्सीत हे बोलायला वेळ मिळत नाही.