कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारून पाठवणं, हे काम आहे की त्रास?

कृष्णाकाठ, सांगली
रोज वापरतो त्या एका लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) कॉमेंटमधल्या, म्हणजे कोडशेजारी लिहिलेल्या टिपांमधल्या, एकोणीस चुका सुधारून पाठवल्या. 'कोड बदलत नाही' एवढं लिहून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारा अशी विनंती) बंद झाली. मला हे पटलेलं नाही. कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) कॉमेंट टाकून देतो, म्हणजेच ती फक्त माणसासाठी असते. बफर (तात्पुरती मेमरी) कुणी मोकळा करायचा हे सांगणारी ओळ त्यात होती, पण 'रिसीव्ह'मध्ये आय आणि ई उलटे पडलेले, त्यामुळे ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारून ती सापडलीच नाही. माझा अर्धा दिवस गेला.

अजिंक्यतारा, सातारा
भावा, मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो, नोकरीवरून आल्यावर रात्री. तुझे एकोणीस शब्द मला एकोणीस ठिकाणी उघडून बघावे लागतात. कारण कधी कधी तो शब्द व्हेरिएबलचं नाव असतो आणि कोडमध्येही तसाच चुकलेला असतो. तू फक्त कॉमेंट सुधारलीस की दोघांचा मेळ तुटला. दुसरं, जुन्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती न्यायची असते तेव्हा शेजारची कॉमेंट बदललेली असली तरी चेरी-पिक (एकच बदल उचलून दुसऱ्या आवृत्तीत लावणं) अडकतं. असं एकदा एका ओळीपायी रात्री दोनपर्यंत बसलोय. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणारा उपक्रम) तर टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) नको ते शब्द घालून पाठवले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलून फक्त होकार दिलेले प्रकल्प मोजायला लागले. सांभाळणाऱ्यांचा वेळ कुणीच धरत नाही.

कृष्णाकाठ
टी-शर्टवाल्यांच्या रांगेत मला उभं करू नका. नावांना मीही हात लावत नाही. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांच्या) 'रेफरर' या नावातला एक आर गळलेला आहे, १९९६ च्या आरएफसी १९४५ या नियमांच्या दस्तऐवजातही तसाच छापलाय, आणि तो आता बदलता येणार नाही, कारण सगळे ब्राउझर आणि सर्व्हर त्याच नावावर चालतात. कॉमेंटवर असं काहीच अवलंबून नाही. ब्लेम (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय) बिघडतो म्हणाल तर २०१९ च्या गिट २.२३ पासून ठरावीक कमिट (नोंदवलेले बदल) वगळून ब्लेम बघता येतो.

कोयनाकाठची, कराड
दादा, माझी पहिली पुल रिक्वेस्ट स्पेलिंगचीच होती. फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत), ब्रांच (कोडची वेगळी शाखा), रिव्ह्यू (तपासणी) हे सगळं त्या एका शब्दावर शिकले. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजी कॉमेंट शब्द लावत लावत वाचावी लागते. चुकलेला शब्द डिक्शनरीत मिळत नाही, मग वाटतं आपल्यालाच येत नाही.

अजिंक्यतारा
ताई, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती, खरंच. पण शिकणाऱ्याने एक शब्द सुधारणं वेगळं आणि कोडस्पेल (स्पेलिंग सुधारणारं टूल) चालवून साठ फायली पाठवणं वेगळं. ते टूल मीही वापरतो, पण निघालेली प्रत्येक ओळ स्वतः वाचतो. एरर मेसेजमधला शब्द बदलला तर टेस्ट पडतात, लोकांच्या लॉग शोधणाऱ्या स्क्रिप्ट अडतात. टूलला ते कळत नाही.

कृष्णाकाठ
एरर मेसेजचं मान्य, ते मी सोडले होते. पण न वाचता बंद करणं मला अजूनही चूकच वाटतं. 'रिलीजनंतर पाठव' एवढं म्हटलं असतं तर थांबलो असतो.

अजिंक्यतारा
माझ्या लायब्ररीत पाठव मग. एका वेळी एकच फोल्डर, फक्त कॉमेंट, आणि अर्थ बदलणाऱ्या चुका आधी. 'नाऊ'च्या जागी 'नॉट' पडलाय असं एक ठिकाण मला माहीत आहे, माझंच आहे ते.